अण्णांचं घड्याळ मोडू नकोस

भाऊ, अण्णांना गावाहून लातूरला आणलंस, बरं केलंस. पण त्यांचं घड्याळ आपल्या घड्याळाला लावायला जाऊ नकोस. माझे वडील पहाटे चारलाच उठायचे. महिनाभर मी "झोपा की अजून" म्हणत राहिलो, ते नुसते अंधारात बसून राहायचे. शेवटी रात्रीच थर्मासमध्ये चहा भरून ठेवायला लागलो, वाद मिटला.

उठताना मात्र लक्ष ठेव. झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, चक्कर येते; बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच. दोन मिनिटं पाय खाली सोडून बसू दे, मग उठू दे. संडासात धरायला दांडी बसव, रात्री बारका दिवा ठेव.

खरं अवघड पाण्याचं. उतारवयात तहान नीट कळत नाही, त्यात आपली माणसं पाणी जपणारी. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्यांनी पाहिलं, ते दुसरा तांब्या मागतील होय? वर रात्री उठावं लागेल ही धास्ती. म्हणून दुपारपर्यंतच ताक, पातळ वरणात कुस्करलेली भाकरी, असं पोटात जाऊ दे. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचार.

दुपारी शेंगा फोडायला दे. टरफलं घरभर होतील, होऊ दे. आणि झाडायला तू ऊठ, वहिनींना हाक मारू नकोस.