विंडोज 11 लगेच घ्यावे का? जुन्या लॉकवर डीटीपी करणाऱ्यासाठी माझे उत्तर

"संगणक रोज विचारतो आणि मी रोज 'नंतर' दाबतो," हे तुमचे वाक्य वाचले आणि 2022 चा सप्टेंबर डोळ्यांसमोर उभा राहिला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्याकडे आठव्या पिढीचा आय-थ्री आहे, विंडोज 10 ची मुदतवाढीची सुरक्षा अपडेट्स चालू आहेत, आणि पेजमेकर हा पाने लावण्याचा प्रोग्रॅम आणि यूएसबी लॉकवर (यूएसबीला जोडायची छोटी किल्ली, ती नसेल तर फाँट चालत नाहीत) चालणारे जुने मराठी फाँट यांवर लग्नपत्रिका, एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आणि दिवाळीला एक अंक अशी कामे तुम्ही करता. प्रश्न एवढाच आहे की विंडोज 11 आत्ताच घ्यावे की थांबावे. माझे मत असे की आत्ता घेऊ नका, परंतु केव्हा घ्यायचे ती तारीख मात्र आजच ठरवा. फाइलींचा बॅकअप, प्रोसेसर चालतो की नाही, डिस्कवर जागा किती लागते, हे सगळे तुम्ही पाहिले असेलच, म्हणून त्यात शिरत नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये मी केलेली चूक बॅकअपची नव्हती. गणपती विसर्जनानंतर दोन दिवस काम थोडे हलके होते, तेव्हा मी विंडोज 11 घेतले. तासाभरात संगणक सुरू झाला, फाइली जागच्या जागी होत्या, इंटरनेट आणि प्रिंटर चालू होते. पुढचे तीन दिवस मी बिले आणि ईमेल एवढेच केले आणि सगळे सुरळीत आहे असे धरून चाललो. चौथ्या दिवशी सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसली. 256 जीबीचीच डिस्क होती. जागा मोकळी करण्याच्या यादीत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' (म्हणजे विंडोज 10 ची ठेवलेली जुनी प्रत) या नावापुढे वीस जीबीहून मोठा आकडा होता, तो पाहून मी खूण केली आणि पुसून टाकले. पाचव्या दिवशी दिवाळी अंकाचा पहिला फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा संच) लावायला बसलो. लॉकवरचा छोटा हिरवा दिवा नेहमीसारखा लागलेला होता, पण पडद्यावर 'लॉक सापडत नाही' अशी चौकट होती. कथेचे पान उघडले तर शीर्षकाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे एकापुढे एक मांडलेली दिसली. जुन्या फाँटांत मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवरच साठवलेला असतो, त्यामुळे फाँट हाताशी नसला की मराठी उरतच नाही.

विंडोज 11 घेतल्यावर दहा दिवसांपर्यंत 'रिकव्हरी'मधील 'गो बॅक' दाबून मागे जाता येते, हे मला माहीत होते. ती सोय नेमकी त्याच जुन्या प्रतीवर अवलंबून असते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. बटण निष्प्रभ झालेले होते आणि दहापैकी पाच दिवस अजून शिल्लक होते. माझ्या सगळ्या फाइली सुखरूप होत्या, पण त्या उघडण्याचे हत्यार मी स्वतःच्या हाताने घालवले होते.

मग ज्यांच्याकडून लॉक घेतले होते त्या कार्यालयाला फोन सुरू झाले. नाव घेत नाही, कारण आता तिथे दुसरी माणसे असतील. पहिल्याने सांगितले की ड्रायव्हर (विंडोजला लॉक ओळखता यावे म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) मेलवर पाठवतो, तो आलाच नाही. दुसऱ्याने मूळ बिल मागितले, आणि बिल तेरा वर्षांपूर्वीचे होते. बिल शोधून त्याची प्रत पाठवल्यावर तिसऱ्याने सांगितले की या लॉकसाठी आता मदत मिळत नाही, नवीन आवृत्ती विकत घ्या. नव्या आवृत्तीत माझी जुनी पाने अक्षरशः तशीच उघडतील का, हा एकच प्रश्न मी तीनदा विचारला आणि एकदाही सरळ उत्तर मिळाले नाही. यात सहा दिवस गेले. वर्षानुवर्षे एखाद्या साधनावर पोट असलेल्या माणसाला 'होत नाही' हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितले, तर तो दुसरी वाट तरी धरतो. ताटकळत ठेवण्याने त्याचे जे नुकसान होते, त्याचा राग मला आजही येतो. शेवटी एका स्नेही मुद्रकांच्या जुन्या विंडोज 7 च्या यंत्रावर रात्री बसून अंक पुरा केला, आणि दिवाळीनंतर माझ्या संगणकावर विंडोज 10 कोरे टाकून सगळे पुन्हा बसवले.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. तुमच्या खऱ्या कामाचे एक पान विंडोज 11 वर लावण्यापासून छापण्यापर्यंत पूर्ण होईपर्यंत जुन्या विंडोजची प्रत पुसू नका. त्याहून चांगला उपाय म्हणजे नवीन एसएसडी घेऊन तिच्यावर आत्ताच्या डिस्कची जशीच्या तशी क्लोन प्रत करा, संगणकात नवीन डिस्क बसवून तिच्यावरच विंडोज 11 घ्या आणि जुनी डिस्क कागदावर तारीख लिहून कपाटात ठेवा. मग दहा दिवसांच्या मुदतीवर अवलंबून राहावे लागत नाही. हे जमणार नसेल, तर ती मुदत कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र दहा दिवस संपण्याच्या आत. जुना ड्रायव्हर चालला नाही, तर 'कोअर आयसोलेशन'मधील 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्या सोयीमुळे जुने ड्रायव्हर रोखले जातात हे खरे असले, तरी इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर मी ती बंद करणार नाही. जुन्या लॉकसाठी एक वेगळे, इंटरनेट नसलेले यंत्र ठेवणे मला अधिक योग्य वाटते. तुमचे विंडोज 10 जर 32 बिटचे असेल तर गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येते. तेव्हा वरच्यावर अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने बसवावे लागते आणि 32 बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. हे आजच तपासा.

'थांबा' याचा अर्थ मासिक सुरक्षा अपडेट्स थांबवा असा कृपया घेऊ नका. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यावरचे अपडेट मार्चमध्येच येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांची यंत्रे अडकली. याउलट ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 ची नवीन आवृत्ती आली, काहींच्या 'डॉक्युमेंट्स'मधील फाइली पुसल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या, काही दिवसांत तिचे वितरण थांबवावे लागले आणि ती पुन्हा नोव्हेंबरात आली. यावरून मी माझ्यापुरता नियम केला आहे की सुरक्षेची अपडेट्स आठवड्याच्या आत घ्यायची आणि नवीन आवृत्ती निदान दोन-तीन महिने इतरांना वापरू द्यायची. मी संगणकतज्ज्ञ नाही, तेव्हा हे एका डीटीपीवाल्याचे मत समजा.

आता तारखेविषयी. विंडोज 10 ची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि तुम्ही घेतलेली वाढीव मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे ती मुदत तुमच्या अंकाची पाने लागत असतानाच संपेल, आणि त्या आठवड्यात घाईने अपग्रेड करण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये असे मला मनापासून वाटते. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे पत्रिकांचे काम त्या महिन्यात कमी असेल, तेव्हा तोच महिना धरा. पतसंस्थेच्या अहवालाची घाई असेल तर शेवटचा आठवडा घ्या, पण पुढे ढकलू नका.

जाता जाता आणखी एक सांगतो. अपग्रेडसाठी बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षा चिप चालू करावी लागली आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली, तर 48 अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा.

चाचणीसाठी मी एक पान ठेवले आहे, तुम्हीही तसे करा. त्यावर ऱ्हस्व, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व, धृष्टद्युम्न असे अवघड जोडाक्षरांचे शब्द आणि एक पूर्ण परिच्छेद आहे. ते आज विंडोज 10 वरून छापा, विंडोज 11 वर तेच पुन्हा छापा, आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून दिव्यासमोर धरा. ओळी एकाच ठिकाणी तुटतात का आणि रफार व ऱ्ह जागेवर बसतात का, ते लगेच दिसते. तुमच्या लॉकवर छापलेला क्रमांक आणि खरेदीचे साल इथे लिहिलेत, तर माझ्याकडे तोच प्रकार आहे का ते मी पाहून सांगेन.