‘मुलं इतकी लहान, एवढ्या लांब कसं नेऊ?’

मी समुपदेशक. गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी परदेशी निघालेल्या इतक्या जणींकडून ऐकलंय की दार उघडून कोणी बसलं आणि पर्समधून बाळाचा रुमाल बाहेर आला की मला अंदाज येतोच. कोणी दुबई, कोणी जर्मनी. प्राजक्ता (नाव अर्थात बदललंय, बारीकसारीक तपशीलही) आली ती मात्र वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला निघालेली. खरं सांगते, त्रिनिदाद म्हणजे ब्रायन लारा, यापलीकडे मलाही काही माहीत नव्हतं. नवऱ्याला पॉइंट लिसासला अमोनिया प्लांटमध्ये नोकरी, घर जवळच कूव्हा गावात, मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची, आणि इथे नाशिकला सासूसासरे एकाच घरात, आईवडील दोन गल्ल्या सोडून.

तिने मोबाईलवर यादी करून आणली होती. ४१ मुद्दे. तिकडे ११५ व्होल्ट असतात म्हणून आपला मिक्सर चालणार नाही, हा सातवा.

काही सहकारी म्हणतात समुपदेशकाने माहितीच्या भानगडीत पडू नये. मला नाही पटत. जी काळजी एका फोनने सुटते तिच्यावर तीन सेशन रडत कशाला बसायचं? म्हणून पहिले दोन वेळा आम्ही नुसती यादीच चाळली. यलो फीव्हरची लस ९ महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत, आणि तिकडून भारतात परत येताना सर्टिफिकेट लागतं, तेही लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, मग लसीकरण केंद्रात आणि बाळाच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं की नवऱ्याने पुढे जायचं आणि हे तिघं दोन महिन्यांनी. वादळांची भीती होती, २०२४ च्या १ जुलैला बेरिल वादळ ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर आदळलं त्याचे व्हिडिओ तिने रात्री दोनला बघितले होते, पण कॅरिबियन म्हणजे एकच गाव नाही ना, त्रिनिदाद अगदी खाली व्हेनेझुएलाला चिकटून आहे, मोठी वादळं बहुतेक उत्तरेकडून निघून जातात. गुन्हेगारीची भीती मात्र मी खोडून काढली नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस तिथे त्यापायी आणीबाणी लागली होती, मग उगाच धीर देण्यात काय अर्थ? घर कुठल्या वस्तीत, रात्री येजा कशी करायची, हे नवऱ्याने कंपनीकडून आधी पक्कं करून घ्यायचं, बस.

४१ चे ६ राहिले. तरी बाईला झोप नाही. आणि इथे मी पण चकले हं. मला वाटलं हिला जायचंच नाहीये, नवऱ्यापुढे बोलता येत नाही म्हणून मुलांचं नाव पुढे करतेय.

तिसऱ्या वेळी सहज विचारलं, “अगं, मुलाने स्वतः काय विचारलं तिकडचं?”

“त्याने? तिकडे जेसीबी असतात का म्हणे.”

“आणखी?”

“एवढंच.”

“मग त्याचं बालपण हिरावून घेतोय, हे कोण म्हणालं?”

बराच वेळ काही नाही. बाहेर भंगारवाल्याची गाडी येऊन गेली. मग म्हणाली, “कोणीच नाही. सासूबाई परवा त्याचे आखूड झालेले स्वेटर घडी करून ठेवत होत्या, बोलल्या काहीच नाहीत.” आणि मग एकदम, “ताई, मला जायचंय. खूप जायचंय. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या वेळेला, माझ्या ओट्यावर चहा करणारे मी. हे मी कोणाला सांगू?”

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं हे काम करतेय, पण असे क्षण बोटांवर मोजण्याइतके. ती काळजी करत नव्हती, ती दंड भरत होती! आनंद होतोय ना, मग त्याच्या बदल्यात रात्रभर जागायचं, म्हणजे मग कोणी स्वार्थी म्हणणार नाही. मला अभिमान याचा वाटला की हे मी तिला सांगितलं नाही, तिच्याच तोंडून आलं, मी फक्त जेसीबीपाशी थांबले.

मी अल्बर्ट एलिसच्या पठडीतली, माणूस स्वतःवर लादतो त्या ‘पाहिजेच’मुळे त्रास वाढतो असं म्हणणारा हा मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे बोलण्यातला ‘च’ माझ्या कानाला लगेच टोचतो. “सगळ्यांना पटलंच पाहिजे, तरच मी आनंदाने जाणार,” असं ती म्हणाली. म्हटलं, तेच ‘च’ काढून म्हण. दोनदा अडखळली, मग म्हणाली, “पटलं तर बरं होईल. नाही पटलं तरी मी जाणारे.” आणि हसली.

आता मुलांचं. आठ-दहा महिन्यांच्या बाळाला देश कळत नाही, माणूस आणि वास कळतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, निघायच्या आधी गोधडी धुवू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘भूर जायचंय’ म्हणून फसवून विमानात बसवू नका, आजीआजोबांना नीट अच्छा करू द्या, रडू दे, आजीही रडू दे. शी-शूची सवय लावणं, बाटली सोडवणं, असले प्रयोग त्या दोन महिन्यांत नकोत. तिकडे गेल्यावर पुन्हा अंथरूण ओलं होईल, शाळेत काही आठवडे तोंडच उघडणार नाही, होतं असं, घाबरू नका. आणि घरात मराठीच बोला, दोन भाषांनी मुलं गोंधळून मागे पडत नाहीत. फोनची वेळही ठरवून टाका. तिथले सकाळचे ७ म्हणजे इथे दुपारचे साडेचार, नातवाची पोळी आणि आजीचा चहा एकदमच, रोज दहा मिनिटं पुरे. संध्याकाळी फोन करायचा हट्ट धरलात तर इकडे पहाट असते आणि म्हातारी माणसं अलार्म लावून बसतात.

तिला जाऊन चार महिने झाले आणि मेसेज आला. शेजारच्या बाई मुलांना म्हणतात, “कम टू आजी.” ही चाटच पडली. तिकडे १८४५ पासून ऊसाच्या मळ्यांवर बोटींनी मजूर नेले, बहुतेक युपी-बिहारकडचे, त्यांच्या बोलीतली आजी अजून तशीच आहे, वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. त्या आजीने एकदा सहीना आणून दिलं. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून गुंडाळी करून तळलेलं. मुलगा ओरडला, “अळूवडी!”

हे सगळं दुपारच्या फोनवर इकडच्या आजीने ऐकलं. प्राजक्ता म्हणते मला धडकीच भरली, आता काय बोलतील. सासूबाई जरा गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “चिंच घालतात का त्यात? विचार त्यांना.”

घालत नाहीत म्हणे, चटणी वेगळी देतात. ते काही सासूबाईंना पटलेलं नाही.