परत आला म्हणून पगार सोडायचा नाही

प्रश्न : माझा मुलगा लेस्टरला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. नोकरी सोडून महिन्यापूर्वी राजारामपुरीत घरी आला. शेवटचा पगार आणि न घेतलेल्या रजेचे पैसे मालकाने दिले नाहीत. मुलगा म्हणतो, गेलं ते गेलं. इथून काही करता येईल?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्याला तसं म्हणू देऊ नका. घामाचा पैसा आहे तो! देश सोडला म्हणून हक्क सुटत नाही. काम इंग्लंडात झालं, तेव्हा दावाही तिथल्याच एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे; इथल्या कामगार न्यायालयात खेटे घालू नका.

मालकाला ईमेलने लेखी मागणी करा. मग ‘अकॅस’ या संस्थेला ऑनलाइन कळवा. ही पायरी चुकवता येत नाही. ती फुकट तडजोड करून बघते. नाही जमलं तर प्रमाणपत्र देते, त्यावरचा क्रमांक दाव्याच्या अर्जात लागतो. ट्रायब्युनलची फी २०१७ पासून नाही.

मला काळजी आहे ती मुदतीची. पगार ज्या दिवशी मिळायला हवा होता, तिथपासून ३ महिन्यांना एक दिवस कमी, एवढंच हातात आहे असं धरून चाला. ‘अकॅस’ला कळवणंही त्याच्या आतच.

रजेचं म्हणाल, तर तिथे वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा असते. आठवड्याला ५ दिवस कामावर २८ दिवस. रजेचं अर्धं वर्ष भरलं असेल तर १४, त्यातून घेतलेली वजा. राजीनामा त्याने स्वतः दिला असला तरी हे पैसे द्यावेच लागतात.

पगाराच्या स्लिपा, ड्युटीचे तक्ते, व्हॉट्सॲपवरचे निरोप आजच उतरवून घ्या, तिथलं सिम बंद व्हायच्या आधी.