मराठीतले वेगवेगळे हेल ओळखायला कान कसा तयार करावा?

आधी शब्दांकडे नाही, वाक्याच्या शेवटाकडे लक्ष द्या: सूर चढतो, पडतो की शेवटचा स्वर लांबतो? मग 'ळ' पकडा. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' आणि 'काळा'चा 'काया' होतो. पण तेवढ्यावरून समोरचा अकोल्याचा असं ठरवू नका, खानदेशातही 'ळ'चा 'य' होतो. अशा वेळी क्रियापद ऐका. 'जाऊन राहिलो' आलं की बहुधा विदर्भच. 'पानी', 'कोन' यांवरून मात्र काहीच कळत नाही, 'ण'चा 'न' बऱ्याच बोलींत होतो. कोल्हापूरकडे बाईही 'मी येतो' म्हणते. ती चूक नव्हे, तिथलं व्याकरणच तसं.

सरावासाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली-सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं ऑनलाइन आहेत. एका जिल्ह्याचं दोन मिनिटं ऐका, लगेच शेजारच्या जिल्ह्याचं लावा. फरक असा जोडीनेच कळतो. टीव्ही मालिकांवर विसंबू नका, तिथे बऱ्याचदा तीन बोलींची भेळ असते. आणि समोरच्याची नक्कल तर नकोच. ती केली की माणूस सावध होऊन पुस्तकी मराठीवर येतो, मग ऐकणार काय?