विमान कंपनी विलीन झाली, तिकिटाचे पैसे कोणाकडे मागायचे?

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने आपली अडचण कळवली आहे. त्यांनी गावातल्या एजंटामार्फत मुंबई–वाराणसी प्रवासाची चार परतीची तिकिटे वरच्या वर्गात काढली आणि जाण्याचे ३८,४०० व येण्याचे ३६,००० असे ७४,४०० रुपये भरले. प्रवासाआधीच ती विमान कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जाताना चौघांना साध्या वर्गात बसवण्यात आले. परतीचे सकाळचे विमान रद्द करून रात्रीचे दिल्याचा निरोप नऊ दिवस आधी आला. ती वेळ सोयीची नसल्याने त्यांनी परतीच्या पैशांची मागणी केली आणि ५१,६०० रुपये मोजून दुसऱ्या कंपनीची तिकिटे घेतली. नवी कंपनी म्हणते, "हा पीएनआर आमच्याकडे दिसत नाही." एजंट म्हणतो, "पैसे वर अडकले आहेत." दावा कोणावर लावावा, हे विलीनीकरण रद्द करून घेता येईल का आणि त्यानंतर वाढलेल्या भाड्याला कायद्याने आळा घालता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. कंपन्यांची नावे आम्ही गाळली आहेत.

बाई, आपल्या प्रश्नात दोन निराळी प्रकरणे एकात एक गुंतली आहेत आणि ती सोडवली नाहीत तर दोन्ही हातची जातील. तिकिटाचे पैसे हा आपला आणि कंपनीचा करार आहे व त्याचे उत्तर ग्राहक आयोगात मिळते. विलीनीकरण आणि भाडेवाढ हा बाजारातील स्पर्धेचा प्रश्न आहे. तिथे आपण फार तर माहिती देणाऱ्या ठरता, पैसे वसूल करणाऱ्या नव्हे. म्हणून आधी तिकिटाकडे वळू.

जुनी कंपनी उरली नाही म्हणून तिचे देणेही उरले नाही, ही समजूत चुकीची आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण विलीनीकरणाचा आदेश देते, तेव्हा त्या आदेशानुसार जुन्या कंपनीच्या मालमत्तेबरोबर तिची देणीही नव्या कंपनीकडे जातात आणि तिच्याविरुद्ध चालू असलेल्या दाव्यांचीही तीच वाट होते. विमाने, मार्ग आणि विमानतळावरच्या वेळा घ्यायच्या आणि प्रवाशांची देणी मागे सोडायची, अशी सोय कायद्यात नाही. मात्र दावा लावताना एक पथ्य पाळावे. विलीन झालेल्या कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेट प्रकरणात सांगितले आहे. २०१९ च्या मारुती सुझुकी प्रकरणात तर अशा संपलेल्या कंपनीच्या नावाने काढलेला कर-आकारणीचा आदेशच रद्दबातल ठरला. ती प्रकरणे आयकराची असली तरी बोध इथेही लागू पडतो. सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) क्रमांक १ म्हणून नव्या कंपनीचे नाव घालावे आणि त्याखाली "पूर्वीची अमुक कंपनी हीत विलीन" अशी ओळ लिहावी.

सामनेवाला क्रमांक २ एजंट. आपण त्याला वगळू इच्छिता, कारण तो ओळखीचा आहे. माझ्या मते त्याला ठेवावे. त्याला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर पैसे कोणत्या तारखेला कोणाकडे गेले हे त्याने शपथेवर सांगावे म्हणून. एजंट हा विमान कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो आणि त्याच्यामार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत स्पष्ट आहे.

पीएनआर सापडत नाही, या उत्तराने गांगरून जाऊ नये. सहा अक्षरांचा पीएनआर संगणकप्रणाली बदलली की बदलू शकतो. ई-तिकिटावर त्याखेरीज तेरा अंकी तिकीट क्रमांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले तीन अंक तिकीट कोणत्या कंपनीने दिले ते सांगतात. नोटिशीत चारही क्रमांक घालावेत. जातानाचे बोर्डिंग पास आपल्याकडे आहेत, हे फार चांगले झाले, कारण आपल्याला कोणत्या वर्गात बसवले त्याचा तोच पुरावा आहे. मात्र त्या कागदावरची अक्षरे उष्णतेने उमटवलेली असतात आणि काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा आजच त्यांची छायाचित्रे काढावीत. विमान बदलल्याचा एसएमएस मोबाइलमधून पुसू नये. तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आता हिशेब. प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ३८,४०० रुपयांवर ती रक्कम २८,८०० रुपये होते. परतीचे ३६,००० रुपये तर पूर्ण मिळायला हवेत, कारण विमान रद्द झाल्यावर पर्यायी विमान घ्यायचे की पैसे, हे प्रवाशाने ठरवायचे असते. नव्या तिकिटांसाठी जास्तीचे गेलेले १५,६०० रुपये नुकसानभरपाई म्हणून मागावेत. एकूण मागणी ८०,४०० रुपये, आणि त्यावर मानसिक त्रास व खर्चाची रक्कम. आपण गणित शिकवत होता, तेव्हा ताळा करून पाहालच. १५,६०० रुपयांबद्दल मात्र खात्री देता येत नाही, ते आयोगाच्या विवेकावर अवलंबून राहील. तसेच विमान रद्द झाल्याबद्दलची प्रत्येकी ५,००० ते १०,००० रुपयांची ठरीव भरपाई आपल्याला लागू नाही. निरोप चोवीस तासांच्या आत आला असता तर ती मागता आली असती.

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लिहून त्याची पोच ठेवावी. मग पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी. त्यानंतर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, त्यामुळे मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या नकोत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची आहे. आपल्या तारखांवरून त्यातले अकरा महिने ईमेलची देवाणघेवाण करण्यात गेले. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

विलीनीकरणाला आव्हान देण्याची वेळ निघून गेली आहे, आणि खरे सांगायचे तर ती प्रवाशाच्या वाट्याला फारशी येतच नाही. न्यायाधिकरणापुढच्या योजनेला हरकत घेण्यासाठी किमान १० टक्के भागधारणा किंवा एकूण थकीत कर्जापैकी किमान ५ टक्के येणे लागते. ७४,४०० रुपयांच्या तिकिटाने तिथे दार उघडत नाही. भारतीय स्पर्धा आयोग सविस्तर चौकशी लावतो तेव्हाच लोकांकडून हरकती मागवतो, आणि त्याच्या मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत साठ दिवसांची असते.

तरी या आयोगाचे काम निरुपयोगी नाही. २००७ च्या सुमारास एअर इंडिया–इंडियन एअरलाइन्स, जेट–सहारा, किंगफिशर–डेक्कन अशी लागोपाठ एकत्रीकरणे झाली, तेव्हा मोठ्या एकत्रीकरणांना आयोगाची मंजुरी बंधनकारक करणारी स्पर्धा कायद्याची कलमे ५ व ६ लागूच नव्हती. ती १ जून २०११ पासून अमलात आली. एअर इंडिया–विस्तारा विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रत्यक्षात आले, त्याआधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी देताना कंपन्यांची वचने लिहून घेतली होती. सिंगापूरच्या स्पर्धा आयोगानेही सिंगापूरहून दिल्ली, मुंबई, चेन्नई व तिरुचिरापल्ली या मार्गांवरची आसनक्षमता कोविडपूर्व पातळीवर ठेवण्याची अट घातली. अशा तपासात एकेक मार्ग हीच स्वतंत्र बाजारपेठ धरतात. मुंबई–वाराणसी मार्गावर तीनाच्या दोनच कंपन्या उरल्या, असे आपण लिहिता. मग महानगरी एक्सप्रेसने एक दिवसाहून अधिक प्रवास करणे हा विमानाला पर्याय मानायचा का, असा प्रश्न तिथे खरोखरच विचारला जातो.

मात्र भाडे महागले एवढ्यावरून कायदाभंग ठरत नाही. देशांतर्गत विमानभाडी १९९४ पासून कंपन्याच ठरवतात. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात सरकारने मर्यादा घातली होती, ती अपवादात्मक परिस्थितीत. कंपनी प्रबळ असणे हाही गुन्हा नाही. स्पर्धा कायद्याचे कलम ४ लागू होण्यासाठी त्या स्थितीचा गैरवापर, म्हणजे अन्याय्य किंवा भेदभावाची किंमत, सिद्ध व्हावी लागते. २०१६ च्या हरियाणातील जाट आरक्षण आंदोलनात एकदम चढलेल्या भाड्यांची चौकशीसुद्धा २०२१ मध्ये संगनमताचा पुरावा न मिळाल्याने बंद झाली. आपल्याकडे दोन कंपन्यांनी आपसात भाडे ठरवल्याचा काही धागा असेल तर कलम १९ खाली माहिती जरूर द्यावी, पण त्यातून आपले पैसे लवकर मिळतील अशी आशा धरू नये.

शेवटी आपण जोडलेल्या कंपनीच्या ताज्या ईमेलविषयी. तीत ३६,००० रुपयांऐवजी वर्षभर चालणारे व्हाउचर देऊ केले असून "यानंतर कोणताही दावा उरणार नाही" अशी ओळ खाली आहे. परतावा व्हाउचरच्या रूपात घ्यायचा की नाही हे प्रवाशाच्या इच्छेवर आहे, कंपनीच्या नव्हे. "स्वीकार" हे बटण दाबू नये. "मला रक्कम बँक खात्यातच हवी आहे आणि उरलेली मागणी कायम आहे" असे त्याच ईमेलला लेखी उत्तर द्यावे आणि त्याची प्रत तक्रारीला जोडावी.