फ्रेमचं नंतर बघू, आधी ती 2 लाख 40 हजारांची पॉलिसी दाखवा

जुळे सोलापुरातून एका वाचकाचं पत्र आलंय. पत्र कसलं, व्हॉट्सॅपवर चार लांबलचक मेसेज, अकरा फोटो आणि एक एक्सेल. थोडक्यात सांगतो. वय 38, अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्वतःचं फायबरचं वर्कशॉप, डाइंगवाल्यांना केमिकलच्या टाक्या, डक्ट, असलं काम. महिन्याला सरासरी 90 हजार सुटतात, कधी सव्वा लाख तर कधी चाळीसच. बायको खासगी शाळेत, पगार 18 हजार. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4. फ्लॅटचं लोन 21 लाख बाकी, साडेआठ टक्क्यांनी, हप्ता 24 हजार, अजून 12 वर्षं. एफडी 6 लाख, म्युच्युअल फंडात 7 लाख. 'शिवाय एक गॅरंटीड पॉलिसी आहे, ती सेफ आहे, तिचं टेन्शन नाही.' हे वाक्य त्यांचंच.

प्रश्न असा की कार्बन फायबरची डाउनहिल माउंटन बाइकची फ्रेम स्वतः बनवायचीय, डिझाइन जगावेगळं आहे, 14 लाख लागतील, तर फ्लॅटवर टॉप-अप लोन, म्हणजे चालू होम लोनवरच वाढीव कर्ज, घेऊ का एफडी-फंड मोडू?

आधी कबूल करतो, ड्रॉइंग मी तीनदा उघडून बघितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डाउनहिल म्हणजे निव्वळ डोंगर उतरायची रेस, दगडधोंड्यांवरून, उड्या मारत, घड्याळ लावून. पुढं मागं दोन्हीकडं 200 मिलिमीटरच्या आसपास सस्पेन्शन, पुढचा फोर्क मोटरसायकलसारखा डबल क्राउनचा. यांच्या डिझाइनमधे मागच्या स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, पिव्होट (तो जिथं फिरतो तो सांधा) बराच वर घेतलाय, म्हणजे दगड लागला की चाक वर जाताना थोडं मागंही सरकतं आणि धक्का मरतो, पण मग चेन ताणते, म्हणून वर एक जादा पुली, आयडलर. इथपर्यंत आता बरेच जण करतात. यांचं वेगळेपण पुढं आहे, सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची उभी नळी, एकाच बाजूनं आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या मोकळ्या जागेतून आरपार. पत्रात लिहिलंय, 'सर, 2015 ला लिओगँगच्या वर्ल्ड कपला आरोन ग्विन सुरुवातीलाच चेन तुटून पण जिंकला, त्याच्या स्पेशलाइज्ड डेमो सायकलची सीट ट्यूब पण एकाच बाजूची होती.' खरंय. पण चेन नसताना जिंकला यावरून माणूस भारी होता एवढंच सिद्ध होतं, सीट ट्यूबचं काय ते नाही.

एका फोटोत थर्माकोल कापून केलेलं मॉडेल आहे, मोराच्या नक्षीच्या चादरीवर आडवं ठेवलेलं, शेजारी मेजर टेप, आणि कोपऱ्यात एका लहान पोराचा पाय. त्या फोटोवरून मला हे गृहस्थ आवडले. म्हणूनच आता जरा कडक बोलतो.

एक्सेलच्या तिसऱ्या शीटवर अगदी खाली एक ओळ आहे, 'इन्शुरन्स 2,40,000'. बाकी सगळ्याचे तीन-तीन कॉलम, अगदी आयडलरच्या बेअरिंगचे सुद्धा दोन दुकानांतले भाव, आणि ह्या ओळीपुढं काहीच नाही. मी फोन करून पॉलिसीच्या बाँडचे फोटो मागवले. झालं होतं ते नेहमीचंच. होम लोनची फाइल टेबलावर असताना बँकेतल्या मॅडम म्हणाल्या की ही पॉलिसी केली की सँक्शन लवकर होतं, आणि यांनी सही केली. वर्षाला 2 लाख 40 हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 56 लाख. '24 भरा 56 घ्या, गॅरंटीड.' दोन हप्ते गेलेत, तिसरा मार्चमधे.

ओ दादा, टाकीचं कोटेशन देताना रेझिनच्या किलोमागं रुपया-दोन रुपयावर घासाघीस करता, मग इथं का नाही केलीत? पहिला हप्ता 20 वर्षं अडकतो, शेवटचा 11, सरासरी साडेपंधरा वर्षं धरा. साडेपंधरा वर्षांत सव्वादोन पटीहून थोडं जास्त, म्हणजे साडेपाच टक्के. बस. आणि होम लोन साडेआठनं. म्हणजे बँकेकडून साडेआठनं उसने आणायचे आणि विमा कंपनीला साडेपाचनं वापरायला द्यायचे, वर त्या पॉलिसीचं कमिशन परत बँकेलाच. गॅरंटी आहे हो, पण कुणाला ते बघा.

आता महिन्याचा हिशोब. दोघांचे मिळून 1 लाख 8 हजार. त्यातून लोनचा हप्ता 24, घरखर्च तुम्हीच लिहिलाय 50, पॉलिसीचे महिन्याला 20. उरले 14 हजार. 14 लाखांच्या टॉप-अपला 9 टक्क्यांनी सात वर्षं धरली तर हप्ता साडेबावीस हजार. पहिल्याच महिन्यात साडेआठ हजारांची तूट, आणि ज्या महिन्यात वर्कशॉपला चाळीसच सुटतील त्या महिन्यात काय, एफडी खाणार? खरं तर तुमच्या फ्रेमचे पैसे तुमच्याकडं होतेच, ते मॅडमच्या टेबलावर गेले.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. मी फोनवर सहज विचारलं की पहिली फ्रेम चालवून कोण बघणार? 'मीच की, तुळजापूर घाटाच्या बाजूला, माझ्याशिवाय कोण चालवणार.' आणि टर्म इन्शुरन्स, म्हणजे आपण गेलो तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा? 'पॉलिसी आहे ना.' त्या पॉलिसीत लाइफ कव्हर आहे 24 लाख. उद्या काही झालं तर 24 येणार, त्यातले 21 बँक घेणार, राहिले 3. नुसत्या त्यावर घर चालणार सहा महिने. सहा. मुलगी तेव्हा चौथीतनं पाचवीत पण गेली नसेल.

तुम्हाला लागतं साधारण सव्वा कोटीचं टर्म कव्हर. बायकोचा पगार वजा करून घराला वर्षाला 4 लाख कमी पडतील, मुलगा कमावता व्हायला 18 वर्षं, झाले 72, त्यात लोन 21 आणि दोघांच्या शिक्षणाला 30. महागाई आणि व्याज एकमेकांना खातात असं धरा. याला तुमच्या वयाला वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडतील, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटी पण नाही. फक्त फॉर्मवर धोकादायक छंदांचा प्रश्न असतो तिथं डाउनहिल लिहा, प्रीमियम थोडा वाढला तर वाढू दे. एजंट म्हणेल कशाला लिहिताय सायकलच तर आहे, त्याचं ऐकू नका, पहिल्या तीन वर्षांत कंपनीला असली लपवाछपवी उकरून क्लेम नाकारता येतो. आणि तुमची 3 लाखांची मेडिक्लेम आजच्या हॉस्पिटलच्या बिलांपुढं काहीच नाही, 10 लाखांची करा, वर त्यातलं साहसी खेळांचं कलम वाचा. बहुतेक पॉलिसीत व्यावसायिक म्हणून भाग घेतला तर खर्च मिळत नाही असं असतं. हौस म्हणून चालवणारा आणि विकायची फ्रेम टेस्ट करणारा यात फरक काढला जाऊ शकतो, म्हणून कंपनीला मेलवर विचारून उत्तर लेखी घ्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्मची मेडिकल, पॉलिसी हातात, मग जुनीला हात लावायचा. जुनीच्या तक्त्याप्रमाणे आत्ता सरेंडर केलं, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर 30 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार भरून 1 लाख 44 हजार परत. दुखणारच. पण गेलेले गेले असं धरून फक्त पुढच्या हप्त्यांचा हिशोब केला तरी परतावा सातच्या आसपास येतो आणि तुमचं लोन साडेआठचं आहे. तरी सरेंडरच्या फॉर्मवर सही करायच्या आधी एक तक्रार ठोका. होम लोनला अशी पॉलिसी घेणं बंधनकारक नाही, कधीच नव्हतं. सँक्शन लेटर आणि बाँड एकाच आठवड्याचे आहेत आणि मॅडमचा 'पॉलिसी झाली की फाइल पुढे पाठवते' हा मेसेज तुमच्या फोनमधे अजून आहे, यापेक्षा अजून काय पाहिजे. विमा कंपनीला लेखी तक्रार, 30 दिवस वाट, दाद नाही मिळाली तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आणि पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय, तिथं फी नाही वकील नाही. पूर्ण पैसे मिळतीलच असं मी सांगत नाही, पण एका पत्राच्या खर्चात 4 लाख 80 हजारांसाठी प्रयत्न करायचा नाही हे मला पटत नाही.

मोकळ्या झालेल्या 2 लाख 40 हजारांतून टर्म आणि मेडिक्लेमला 45 हजार धरा. उरलेले साधारण 2 लाख दरवर्षी लोनमधे जादा भरा, 12 वर्षांचं लोन सहा वर्षांच्या आत संपतं.

आता फ्रेम. दोन रात्री यावर वाचण्यात गेल्या, त्याची फी लावत नाही.

तुमच्या एक्सेलमधे पहिल्या वर्षी 40 फ्रेम, प्रत्येकी 1 लाख 80 हजार. 40 कुणाला? फ्रेम घेणाऱ्याला पुढं फोर्क, चाकं, ब्रेक यात अजून तीन-चार लाख घालायचेत, तो माणूस सोलापूरच्या नवीन नावावर जीव टाकायच्या आधी सांताक्रूझ कंपनीची व्ही-10 ही नावाजलेली डाउनहिल सायकल बघणार. 2023 मधे केरळात पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली, आपल्याकडं खेळ वाढतोय, मान्य, पण वाढतोय म्हणजे 40 गिऱ्हाइकं नव्हेत. मी सहा धरतो, आणि ते पण तुमच्यावर प्रेम आहे म्हणून. जीएसटी, शॉक, बेअरिंग, कार्बन जाऊन फ्रेममागं 80 हजार सुटले तर सहाचे 4 लाख 80 हजार, त्यात टॉप-अपचे हप्ते 2 लाख 70 हजार, आणि टेस्टमधे मोडायच्या फ्रेम तर अजून धरल्याच नाहीत.

मोल्डचं कोटेशन पण एकाच साइजचं आहे. पाच फूट चारचा आणि सहा फुटाचा माणूस एकाच फ्रेमवर बसत नाही, प्रत्येक साइजला पुढच्या भागाचा वेगळा मोल्ड. वेल्सची अ‍ॅथर्टन बाइक्स बघा, त्यांनी मोल्डचाच नाद सोडला, टायटॅनियमचे जॉइंट थ्रीडी प्रिंट करतात आणि त्यात कार्बनच्या नळ्या चिकटवतात, म्हणून 22 साइज देऊ शकतात. आणि होंडा, साक्षात होंडा, आरएन-01 नावाची डाउनहिल सायकल बनवून बसली, गिअर फ्रेमच्या पोटात बंद डब्यात, रेसर ग्रेग मिनारनं त्यावर 2005 चा वर्ल्ड कप मारला, आणि तरी त्यांनी ती बाजारात कधी विकली नाही. 2007 नंतर गाशा गुंडाळला.

'फायबरचा 15 वर्षांचा अनुभव आहे' हे तुम्ही दोनदा लिहिलंय. अनुभव मॅट अंथरून ब्रशनं रेझिन मारायचा आहे. इथं प्रीप्रेग, म्हणजे रेझिन आधीच भरलेलं कार्बनचं कापड, लागतं, ते उणे 18 ला फ्रीझरमधे ठेवायचं, बाहेर काढलं की त्याचं घड्याळ सुरू, थर कुठल्या दिशेला किती ते ठरलेलं, मग मोल्डमधे आतून दाब आणि 120-150 डिग्रीला भाजणं. मे महिन्यात आपल्याकडं पारा 43 आणि एमआयडीसीत लाइट गेली तर फ्रीझरचं काय करणार हे कुठल्याच शीटवर नाही. टाकीत बुडबुडा राहिला तर पाणी झिरपतं, तुम्ही जाऊन पॅच मारता. हेड ट्यूबमधे, म्हणजे फोर्क बसतो त्या नळीत, राहिला तर तो बाहेरून दिसत पण नाही आणि एक दिवस उडी मारून उतरताना फोर्क हातात येतो.

'आयएसओ 4210 पास करून घेऊ' म्हणताय, ते सायकलच्या सुरक्षेचं स्टँडर्ड स्पर्धेच्या आणि उड्या-कसरतीच्या सायकलींना लागूच होत नाही, तसं त्यातच लिहिलंय. वर वर्कशॉप प्रोप्रायटरशिप, म्हणजे गिऱ्हाइक पडलं आणि 2019 च्या ग्राहक कायद्याखाली सदोष वस्तूचा दावा लागला तर तो वर्कशॉपवर थांबत नाही, फ्लॅटपर्यंत येतो. विकायची वेळ आली तर वेगळी कंपनी आणि प्रॉडक्ट लायबिलिटी कव्हर, त्याआधी एकही फ्रेम विकायची नाही, मित्राला पण नाही.

म्हणून टॉप-अप नको, एफडी नको, ती एफडी तुमच्या वर्कशॉपच्या चाळीस हजारवाल्या महिन्यांसाठी आहे. फंडातले अडीच लाख घ्या, एकदाच, आणि आधी अ‍ॅल्युमिनियममधे याच मापांची, याच कोनांची फ्रेम वेल्ड करून घ्या. डाउनहिल रेसर निको मुलालीनं स्वतःची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमचीच करून वर्ल्ड कपला पळवली, त्यात कमीपणा नाही. 6061 जातीचं अ‍ॅल्युमिनियम वापरलं तर वेल्डिंगनंतर हीट ट्रीटमेंट चुकवू नका. तुमचा पिव्होट आणि आयडलर खरंच चालतो का ते यातच कळेल, कार्बन लागत नाही त्याला. सोबत कार्बनच्या नुसत्या पट्ट्या आणि नळ्या करा आणि एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधे मशीनवर तोडून बघा, दहा केल्या तर दहाही एकाच लोडच्या आसपास तुटतात का. पाच एका लोडला आणि पाच भलत्याच लोडला तुटल्या तर तुमचा हात अजून बसलेला नाही, मग 14 लाख कुणाचेही असोत.

अडीच लाख संपले की थांबायचं आणि मला फोन करायचा, तेव्हा नवीन एक्सेल बघू. तोवर टर्मचा फॉर्म भरून पाठवा, मार्चच्या हप्त्याचा ऑटो-डेबिट कुठल्या खात्यावर आहे ते बघून ठेवा, आणि मॅडमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आजच काढा, फोन बदलला की जातात असले मेसेज. आणि ते थर्माकोलचं मॉडेल चादरीवरून उचलून कपाटावर ठेवा, पोरगं चार वर्षांचं आहे.