हायकोर्टाच्या आधीचं कोर्ट

प्रश्न : मुंबई हायकोर्ट १८६२चं, इमारत मात्र १८७८ची. मधली वर्षं कोर्ट कुठे भरत होतं? टिळकांचा खटला त्याच जुन्या जागेत चालला का? ती वास्तू अजून आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आहे. शहीद भगतसिंग रोडवर नौदल गोदीच्या लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग, तीच ही. मूळची ती गव्हर्नर हॉर्नबी यांची हवेली. मग आरमारप्रमुखाच्या वास्तव्यामुळे ॲडमिरल्टी हाऊस झाली, आणि १८०० पासून रेकॉर्डर्स कोर्टाला भाड्याने दिली गेली. कोर्टाचं नाव बदलत गेलं, जागा तीच राहिली : रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट (तेव्हाचं मुंबईचं, आजचं दिल्लीचं नव्हे), आणि १८६२च्या ऑगस्टपासून हायकोर्टाची ओरिजिनल साइड, म्हणजे अपिलं नव्हे तर थेट दाखल झालेले खटले चालवणारा विभाग. करसनदास मुळजींवरचा गाजलेला महाराज लायबल (बदनामीचा) खटला १८६२चाच, पण त्याचा निकाल एप्रिलमध्ये लागला. म्हणजे तो सुप्रीम कोर्टाचा. अनेक लेखांत तो हायकोर्टाच्या खात्यावर सर्रास टाकलेला दिसतो.

राहत्या घरात कोर्ट किती दिवस रेटणार? किल्ल्याचा तट पाडल्यावर मैदानालगत जागा मोकळी झाली आणि १८७१मध्ये कर्नल फुलर यांच्या आराखड्यानुसार नवं बांधकाम सुरू झालं. मंजुरी १६,४७,१९६ रुपयांची, खर्च १६,४४,५२८. सरकारी कामात २,६६८ रुपये उरले, हे आज वाचून कुणालाही गंमत वाटेल. १८७९च्या जानेवारीत तिथे कामकाज सुरू झालं.

टिळकांचा १९०८चा खटला त्यामुळे नव्या इमारतीतलाच. न्या. दावर यांनी २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा टिळकांनी काढलेले उद्गार त्या कोर्टाबाहेरच्या शिळेवर कोरलेले आहेत.

जुन्या वास्तूत १८८३मध्ये ग्रेट वेस्टर्न हॉटेल निघालं. हॉटेल केव्हाच गेलं, नाव चिकटलं. आता आत कचेऱ्या आहेत.

शोधायला निघालात तर दोन ठिकाणी फसगत होते. हॉर्नबी हाऊस म्हणून हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, जाऊ नका. हे घर तिथलं नव्हे. आणि हायकोर्टाजवळचं सिटी सिव्हिल कोर्ट पाहून तेच जुनं कोर्ट समजू नका. तिथला प्रवास उलटा आहे : १८७४ला पूर्ण झालेलं ते सचिवालय, कोर्ट त्यात नंतर आलं. काळा घोड्याहून चालत निघालात तर आधी लायन गेट गाठा, मग समोर बघा.